साडी गार्डचं वजन

मला गाड्या चालवण्यापेक्षा गाड्यांबद्दल वाचायला जास्त आवडतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ज्या गाड्यांबद्दल मी मतं मांडणार आहे त्यांतल्या बहुतेक गाड्या मी कधी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. मिरजोळ्यातल्या घराच्या पडवीत बसून १९६४ सालच्या अमेरिकन गाडीची समीक्षा करणं थोडं हास्यास्पद आहे, मान्य. पण न पाहिलेल्या शहरांवर कविता लिहिणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांना कोणी तिकीट दाखवायला सांगत नाही.

गाडी ही वाचायची गोष्ट आहे असं माझं मत आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी म्हणजे कोणीतरी घेतलेल्या हजारो निर्णयांची गोळाबेरीज. आरसा एक की दोन, मागची सीट किती लांब, पत्रा किती जाड. यातल्या प्रत्येक उत्तरात एक माणूस गृहीत धरलेला असतो. गाडी कोणासाठी आहे, तिच्यात कोण बसणार आहे, कोण बसणारच नाही, हे सगळं तिथे लिहून ठेवलेलं असतं. आणि हलक्या गाड्यांमध्ये हे लिखाण सगळ्यात स्पष्ट दिसतं. कारण गाडी हलकी करायची तर काहीतरी काढावं लागतं, आणि काय काढलं यावरून काढणारा कळतो.

म्हणून विषय असा: कारखान्यानेच हलक्या करून विकलेल्या जुन्या मसल कार. आणि त्यांच्याबरोबर आमच्या पडवीत उभी असलेली एक मोटरसायकल.

*

‘मसल कार’ म्हटलं की आपल्यापुढे सिनेमातली लांबलचक, रुंद बॉनेटची, घुरघुरणारी गाडी येते. पण या प्रकाराची सुरुवात आकारापासून झालेली नाही. झाली ती एका पळवाटेतून.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठं इंजिन मोठ्या गाडीतच बसवायचं अशी रीत होती. जनरल मोटर्समध्ये तर मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असा अंतर्गत नियमच होता. पाँटिअॅक हा त्याच कंपनीचा एक विभाग. तिथे जॉन डेलोरिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मधल्या आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. नियमात ते कसं बसवलं? वेगळी गाडी म्हणून जाहीर न करता जास्तीचे पैसे भरून घ्यायचं एक पॅकेज म्हणून. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ती हीच. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्यावर नियम कोणी काढून दाखवला नाही.

म्हणजे मसल कारचं मूळ सूत्र ‘मोठी गाडी’ असं नाही. ‘गाडीच्या मानाने मोठं इंजिन’ असं आहे. जीटीओची ताकद ३२५ अश्वशक्ती आणि वजन दीड टनाहून थोडं जास्त. भागाकार केला तर टनामागे साधारण दोनशे अश्वशक्ती येते. गाडी किती जोरात सुटणार हे हा भागाकार ठरवतो. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे: पिकअप.

इथे एक सावधगिरी. त्या काळातले अमेरिकन अश्वशक्तीचे आकडे फुगीर आहेत. इंजिन गाडीतून बाहेर काढून, पंखा, सायलेन्सर वगैरे बोजा न लावता मोजलेले. १९७२ पासून तिथे गाडीत बसवल्यासारख्या स्थितीत इंजिन मोजायला लागले आणि एका रात्रीत सगळ्या गाड्या अशक्त झाल्या. वजनाचंही तसंच. कोणी पेट्रोल-ऑइल भरून वजन सांगतं, कोणी रिकामी गाडी काट्यावर चढवतं. तेव्हा अमुक गाडी सगळ्यात हलकी असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, की आधी विचारायचं, टाकी भरलेली होती का?

*

भागाकार वाढवायचे मार्ग दोनच. वरचा आकडा वाढवा किंवा खालचा कमी करा. इंजिनं एका मर्यादेपलीकडे मोठी होईनात, तेव्हा कंपन्या खालच्या आकड्यामागे लागल्या. कारण होतं ड्रॅग रेस. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या, जो आधी पोचेल तो जिंकला. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ असा तिथला हिशोब. आणि शर्यतीच्या नियमांप्रमाणे गाडी कारखान्यात ठरावीक संख्येने बनलेली असायला हवी. त्यामुळे शर्यतीची गाडी मेस्त्रीने नव्हे, कारखान्यानेच हलकी करायला सुरुवात केली.

१९६३ मध्ये पाँटिअॅकने कॅटलिना ही अवाढव्य गाडी घेतली. पुढचे पत्रे अॅल्युमिनियमचे केले. तेवढ्याने भागेना म्हणून चासीच्या लोखंडी तुळयांना मोठमोठी भोकं पाडली. या गाड्यांना ‘स्विस चीज’ असंच नाव पडलं. अशा १४ बनल्या. ज्या सांगाड्यावर गाडी उभी राहते त्यालाच चाळण करणं ही हलकेपणाची हौस कुठवर जाते याची खूण आहे.

१९६४ मध्ये फोर्डची थंडरबोल्ट आली. साध्या फेअरलेन गाडीत सात लिटरचं इंजिन. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरचे, खिडक्यांना काचेऐवजी प्लॅस्टिक. मग काढाकाढी सुरू झाली. रेडिओ गेला, हीटर गेला, गालिचा गेला, स्टेपनी आणि जॅक गेला, हात टेकायचे दांडे गेले, ऊन अडवायच्या झडपा गेल्या. आणि दोन वायपरपैकी एक गेला. कोणता? ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूचा. अशा साधारण शंभर गाड्या बनल्या. वजन सुमारे १,४५० किलो, ताकद कागदावर ४२५ अश्वशक्ती. टनामागे जवळजवळ तीनशे.

१९६८ मध्ये क्रायस्लरने त्याहून लहान अशा डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा या गाड्यांत आपलं प्रसिद्ध ४२६ हेमी इंजिन बसवलं. पुढचे भाग फायबरचे. दारांचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केलेला. काचा नेहमीपेक्षा पातळ, आणि त्या वरखाली करायला हँडल नाही, पट्टा. मागची सीट नाहीच. गाडीवर एक सूचना चिकटवलेली असे, तिचा मतितार्थ असा: ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेली नाही आणि रस्त्यावरच्या सुरक्षेचे नियम ती पाळत नाही.

या गाड्यांबद्दल लिहिणारे सहसा इथे येऊन भक्तीत बुडतात. मीही बुडालो होतो. वीस वर्षांपूर्वी रत्नागिरीत जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात थंडरबोल्टमधून काढलेल्या गोष्टींची यादी होती. ती मी वहीत उतरवून काढली. एखाद्या साधूने काय काय सोडलं त्याची यादी असावी तशी. त्याग, वैराग्य, ध्येय असं सगळं मला त्यात दिसायचं. ती वही घेऊन मी चुलतभावाकडे गेलो. पुढचं सगळं त्या वहीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण वही होती.

*

त्याआधी आपल्याकडची स्थिती सांगायला हवी.

भारतात मसल कार म्हणून लोक ज्या गाडीकडे बोट दाखवतात ती हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा. १९८४ मध्ये आली, मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. रूप अगदी सिनेमातलं, आणि हिंदी सिनेमातले खलनायक तिच्यातूनच उतरायचे. पण बॉनेट उघडलं की आत सुरुवातीला होतं अॅम्बेसेडरचं दीड लिटरचं इंजिन, सुमारे ५० अश्वशक्तीचं. गाडीचं वजन साधारण १,२०० किलो. टनामागे चाळीस-बेचाळीस. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि जरा जीव आला. पण सुरुवातीची काँटेसा म्हणजे जिममध्ये न जाता घट्ट टीशर्ट घालणारा माणूस. मसल दिसायला होती, ओढायला नव्हती.

खरी ताकद-वजनाची गंमत आपल्याकडे चार चाकांवर आलीच नाही. ती दोन चाकांवर आली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांशी करार होऊन शंभर सीसीच्या गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, पुण्याच्या बजाजची कावासाकी केबी १००, आणि एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणलेली यामाहा आरएक्स १००. चौघींमध्ये हिरो होंडा फोर-स्ट्रोक होती आणि तिने मायलेजच्या जोरावर देश जिंकला. आरएक्सने पोरं जिंकली.

आरएक्सचं इंजिन ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ अश्वशक्तीचं. गाडीचं वजन सुमारे १०० किलो. म्हणजे टनामागे एकशे दहा. काँटेसाच्या अडीचपट. एवढंसं इंजिन असं कसं करतं? फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन वेळा वरखाली झाला की एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, त्यामुळे इंजिन लहान आणि हलकं. जीटीओचं तत्त्व इथे उलट्या बाजूने साधलं आहे: गाडीच्या मानाने मोठं इंजिन नव्हे, इंजिनाच्या मानाने हलकी गाडी.

आता एक हिशोब करा. मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेच. आरएक्सवर ६५ किलोचा माणूस बसवा. एकूण वजन १६५, आणि टनामागची अश्वशक्ती एकशे दहावरून थेट सदुसष्टवर येते. तोच माणूस थंडरबोल्टमध्ये बसवा, काही फरक पडत नाही. तिथे तो एकूण वजनाच्या चार-साडेचार टक्के आहे. आरएक्सवर तो चाळीस टक्के आहे.

या एका आकड्याने माझं या सगळ्या गाड्यांबद्दलचं मत बदललं. गाडी जितकी हलकी, तितका तिच्यावरचा माणूस जड. तिथे माणूस केवळ प्रवासी उरत नाही, तो यंत्राचा सगळ्यात मोठा भाग होतो. आणि मागे आणखी एक माणूस बसला तर निम्म्याहून जास्त वजन माणसांचंच. हलकी गाडी म्हणजे मुख्यतः माणसं.

*

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, त्याने २००३ साली सेकंडहँड आरएक्स घेतली. मी तेव्हा सहावीत. मिरजोळ्याची एमआयडीसी आमच्यापासून जवळ. मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने, बर्फाच्या गाड्या, आणि रविवारी दुपारी पूर्ण रिकामे पडणारे सरळ रस्ते. सड्यावरचे रस्ते असल्यामुळे चढउतार कमी. पाव मैल म्हणजे चारशे मीटर. विजेचे खांब मोजून आम्ही अंतर ठरवलं होतं.

पहिल्यांदा इंजिनाचं काम झालं. मेस्त्रीने हेड घासलं, पोर्ट मोठे केले. मग मी वही दाखवली. दादाने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, “बघ, फोर्डवाल्यांनी वायपर पण नाय ठेवला.” त्या रविवारी आम्ही पाने घेऊन बसलो. आरसे, इंडिकेटर, लेग गार्ड, साखळीचं कव्हर, पुढचं मडगार्ड, मधलं स्टँड. मी उघडायचो, दादा आंब्याच्या पेटीत टाकायचा. साडी गार्ड मी स्वतः काढलं. नट गंजले होते, रॉकेल लावून सोडवायला लागले. मला फार अभिमान वाटला होता.

साडी गार्ड ही वस्तू ज्यांनी कधी नीट पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मोटरसायकलच्या मागच्या चाकाला बाजूने लावलेली सळयांची जाळी. मागे बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. परदेशातल्या तशाच मोटरसायकलला ही जाळी नसते, कारण तिथे मागे साडी बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला पकडायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवंच, कपडे अडकू नयेत म्हणून. सरकारी भाषेतली एवढी मायेची ओळ मला दुसरी माहीत नाही.

२००४ च्या गणपतीला आत्या मुंबईहून आली. रेल्वे स्टेशनवर रिक्षा मिळेना, पाऊस नुकता थांबलेला. दादा आरएक्स घेऊन गेला. आत्या एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर पिशवी. “हळू चालव हां रे,” एवढंच म्हणाली. आणि दादाने खरंच हळू चालवली. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. वेगाने झालेल्या अपघाताची ही गोष्ट नाही. वळणावर वारा आला, पदर गेला, चाकाने तो ओढला आणि आत्या मागच्या मागे खाली आली. घोट्याच्या वर पाय दोन ठिकाणी मोडला. त्या वर्षी आमचा गणपती दीड दिवसाचाच झाला. आत्या आजही पायरी चढताना आधी एक पाय ठेवते, मग दुसरा त्याच्या शेजारी आणते. लहान मुलं चढतात तशी.

आत्याने कधी कोणाला दोष दिला नाही. “माझाच पदर मोठा,” म्हणाली. मला अजून त्या वाक्याने कसंतरी होतं.

*

आता पुन्हा थंडरबोल्टकडे येऊ. काढलेल्या गोष्टींची यादी पुन्हा वाचा. ड्रायव्हरची सीट काढलेली नाही, स्टीअरिंग काढलेलं नाही, ड्रायव्हरसमोरचा वायपर काढलेला नाही. गेला तो शेजारच्याचा वायपर. डार्टची गेली ती मागची सीट. आमच्या आरएक्सचं गेलं ते मागे बसणारीचं गार्ड. हलकेपणाचा पहिला बळी नेहमी चालवणाऱ्याच्या शेजारचा किंवा मागचा माणूस असतो. कारण यादी चालवणारा करतो. त्याला जे ‘फालतू’ वजन दिसतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचं तरी असतं.

इथे कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. थंडरबोल्ट आत्याला स्टेशनवरून आणायला बनलेली नव्हती. बरोबर आहे, आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ती गाडी एका माणसाने बारा सेकंदांच्या आत पाव मैल कापावा म्हणून बनली. तिथे शेजारी कोणी बसणारच नव्हतं. त्या दृष्टीने तिची काटछाट प्रामाणिक आहे, एखाद्या चांगल्या लघुकथेसारखी. आणि क्रायस्लरने तर सूचना चिकटवून सांगितलं की बाबांनो, ही रस्त्यावर आणू नका. कारखान्याने हलकी केलेली गाडी आणि मेस्त्रीने हलकी केलेली गाडी यांत हाच फरक आहे. पत्रा दोघेही काढतात, पण कारखान्याला आपण काय काढलं ते लिहून द्यावं लागतं. आमच्या आरएक्सवर कोणतीही सूचना नव्हती. तिने दिवसा भाजी आणायची, संध्याकाळी आत्या आणायची आणि रविवारी शर्यत लावायची असं एकाच वेळी ठरलं होतं.

तरीही या गाड्यांवर माझा एक आक्षेप राहतो, आणि तो समीक्षेतला आहे, नीतीचा नाही. आधी जड गाडी बनवायची आणि मग तिच्यातून काढत बसायचं, हे मुळात दुय्यम दर्जाचं काम आहे. स्विस चीज कॅटलिना हे याचं टोक. चासीला भोकं पाडावी लागतात याचा अर्थ आराखड्यात हलकेपणाचा विचारच नव्हता. पसरट लेख आधी लिहून मग निम्मे परिच्छेद खोडण्यासारखं ते आहे. लेख आटोपशीर होतो, पण तो नेमका होत नाही. खोडलेल्या जागा दिसत राहतात. त्यापेक्षा १९६८ ची एएमसी एएमएक्स मला जास्त आवडते. ती आणखी हलकी होती म्हणून नव्हे. ती सुरुवातीपासूनच दोन माणसांची, आखूड गाडी होती आणि अंगावर पूर्ण कपडे घालून आली होती. तिने कोणाची सीट काढली नाही. जे दोघं बसणार त्यांना दोन सीट दिल्या.

आणि याच निकषावर, कारखान्यातून निघाली त्या अवस्थेतली आरएक्स १०० मला या सगळ्यांच्या वरची वाटते. हे वाक्य भावाच्या गाडीच्या प्रेमापोटी लिहिलेलं नाही, हिशोब करून लिहिलं आहे. सुमारे शंभर किलोच्या त्या वजनात दोघांना पुरेल अशी लांब सीट होती. मागच्याला धरायला जागा होती, पाय ठेवायला जागा होती, साखळीला कव्हर होतं, साडी गार्ड होतं. आराखडा करणाऱ्याने हलकेपणा मागे बसणाऱ्याकडून वसूल केला नव्हता. व्हॉल्व्हच नसलेल्या साध्या इंजिनातून, बारीक नळ्यांच्या सांगाड्यातून तो काढला होता. दोन माणसं बसवूनही तिची टनामागची अश्वशक्ती अठ्ठेचाळीसच्या आसपास राहते, म्हणजे दोन माणसं बसवलेल्या जुन्या काँटेसापेक्षा बरीच जास्त. आंबा घाट चढताना हा फरक कानाला कळतो.

पण समीक्षा करायची तर आवडत्या गाडीचीही करायला हवी. व्हॉल्व्ह नाहीत म्हणजे काय? ताजं पेट्रोल आत येतं तेव्हा जळालेला धूर बाहेर जायची वाट उघडीच असते. त्यामुळे काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, तोच तो निळसर धूर, ज्याच्या वासाने माझ्या वयाच्या माणसांना उगाच गहिवरून येतं. आपण इंजिनातून जे वजन काढलं ते मागून येणाऱ्याच्या छातीत टाकलं. १९९६ मध्ये उत्सर्जनाचे कडक नियम आले, त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली. तिकडे अमेरिकेत १९७० नंतर धुराचे नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट यांनी मसल कारचा निकाल लावला. दोन्हीकडचे चाहते सरकारला शिव्या देतात. मी देत नाही. वजन असंच नाहीसं होत नसतं. बहुतेक वेळा ते फक्त दुसऱ्याच्या काट्यावर जातं, आणि कधीतरी तो दुसरा माणूस बिल घेऊन येतो.

*

अपघातानंतर महिनाभर आरएक्स उभी होती. मग एका रविवारी दादाने आंब्याची पेटी बाहेर काढली आणि एकेक भाग परत बसवला. मला हाक मारली नाही. मीच जाऊन पाने देत बसलो. साडी गार्ड बसवताना मात्र त्याने पाना माझ्या हातात दिला. काही बोलला नाही.

गेल्या वर्षी कोल्हापूरहून एक जण गाडी बघायला आला. जुन्या आरएक्सना आता चांगला भाव येतो. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “साडी गार्ड ओरिजिनल आहे का?” मला हसू आलं. थंडरबोल्टचा शौकीन बघतो की जे नाही ते कारखान्यातूनच नव्हतं ना. आरएक्सचा शौकीन बघतो की जे आहे ते कारखान्यातूनच आलंय ना. दादाने गाडी विकली नाही.

तो माणूस गेल्यावर मी गार्ड पुन्हा एकदा सोडवलं आणि आंब्याच्या काट्यावर ठेवलं. एक किलोला थोडं कमी भरलं. मग हिशोब केला. पाव मैलाला लागणारा वेळ वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, असा ड्रॅग रेसवाल्यांचा एक ठोकताळा आहे. त्याने गणित मांडलं तर दादाला बसवून आरएक्स पाव मैलाला १९ सेकंदांच्या आसपास घेणार. १६५ किलोंतून एक किलो काढला की त्यातले वाचतात सेकंदाचे साधारण चार शतांश. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

एवढ्यासाठी मी रॉकेल लावून तो गंजलेला नट सोडवला होता.

गार्ड परत बसवलं, यावेळी नवीन नट घालून. या गणपतीला आत्या येणार आहे. स्टेशनवरून तिला आणायला आता रिक्षा सांगून ठेवतो आम्ही, गेली कित्येक वर्षं. पण मागच्या खेपेला पडवीत बसून चहा पिताना ती आरएक्सकडे बघत म्हणाली होती, “ती चालते का रे अजून?” चालते म्हटलं. तर म्हणाली, “मग एकदा भाट्याच्या समुद्रावर ने मला. पण जाळी घट्ट आहे ना, बघ आधी.”

बघितली. घट्ट आहे.